बारावा भोपळा

हॅलोविनच्या आदल्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या बायकांनी मुलांच्या सुरक्षिततेचं काम माझ्यावर सोपवलं, कारण मी नर्स. नर्स म्हटलं की लोकांना वाटतं, हिला सगळी संकटं आधीच कळतात. मी मुलांच्या तातडीच्या विभागात काम करते. मला संकटं घडून गेल्यावर कळतात, तीही स्ट्रेचरवरून. पण हे बोलून दाखवायचं सोडून मी हरखले. कुवेतच्या या अब्बासियात आठ वर्षं काढल्यावर पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी पहिल्यांदा मला आपण होऊन चहाला बोलावलं होतं.

या वहिनी पुण्याच्या, यजमान पेट्रोकेमिकलमध्ये मोठे इंजिनिअर. आमच्या इमारतीतल्या मराठी घरांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. गणपतीत आरतीचं ताट कुणी धरायचं इथपासून कुणाच्या बाळंतपणात डबा कोण देणार इथपर्यंत. बाई वाईट नाही. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फोडणं मला फार सोयीचं आहे आणि एक वर्ष मी मनातल्या मनात तेच करत आले.

हॅलोविन आपलं नाही आणि इथलंही नाही. शाळेने परिपत्रक पाठवलं होतं की कुणीही वेश करून यायचं नाही. इथल्या मुलांचं त्यांचं गिरगियान असतं. रमजानच्या मध्यावर नटूनथटून दारोदार जातात, गाणी म्हणतात, पिशवीभर खाऊ घेऊन येतात. आमच्या मुलांना त्याचं काही नाही. त्यांनी फोनवर भोपळे आणि चेटकिणी पाहिलेल्या, त्यांना तेच हवं. मग ठरलं, इमारतीतल्या इमारतीत करायचं, संध्याकाळी सहा ते सात, आरडाओरडा न करता.

मी नियम केले. कपडे घोट्याच्या वर, म्हणजे जिन्यात पाय अडकणार नाही. मुखवट्याची भोकं मोठी. मेणबत्ती नाही, बॅटरीचे दिवे. लिफ्ट बंद, सगळ्यांनी जिन्यानेच उतरायचं. खाऊ वाटेत तोंडात टाकायचा नाही, घरी आल्यावर आधी मी पाहणार. आणि प्रत्येक मजल्यावर मुलं मोजायची. मोजायचं काम माझं. यातला एकही शब्द मी आज बदलणार नाही. पण कुठल्या दारांची बेल वाजवायची, तिथे आम्ही गाडी घसरवली.

इमारतीत चोवीस घरं. मल्याळी, तमिळ, दोन फिलिपिनो कुटुंबं, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फार्मासिस्ट, त्याला तीन मुलं. वहिनींनी फोन उघडला आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी काढली. "ही आपली अकरा घरं," त्या म्हणाल्या. "माहितीतली. घरात बाई आहे, म्हणजे काळजी नाही." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. जिथे सवाष्ण तिथे मूल सुरक्षित, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते आमच्या हाडीमाशी आहे. खरं तर भाजलेली, गच्चीवरून पडलेली, पट्ट्याचे वळ उठलेली मुलं आमच्या विभागात येतात ती आईबाप असलेल्या घरांतूनच येतात, आणि त्या खोलीत हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी मी चहाचा दुसरा कप घेतला आणि म्हटलं, छान, यादी तयारच आहे.

मुलांनी नारिंगी कार्डशीटचे अकरा भोपळे कापले आणि ते अकरा दारांवर चिकटले. लिफ्टमध्ये मी स्वतःच्या हाताने मराठीत चिठ्ठी लावली: "ज्या दारावर भोपळा, त्याच दाराची बेल." मराठीत अशासाठी की बाकीच्यांना कळू नये. उगाच कुणाला वाईट वाटायला नको, असं वहिनी म्हणाल्या.

ती चिठ्ठी पहिल्या मजल्यावरच्या बॅचलरनेही वाचली.

इथे बॅचलर म्हणजे बिनलग्नाचा नव्हे. बायकोपोरं गावी ठेवून एकटा राहणारा पन्नाशीचा बाप्यासुद्धा इथे बॅचलरच. आमच्या इमारतीवर 'फक्त कुटुंबांसाठी' अशी पाटी होती, पण पहिल्या मजल्यावरचं एक घर मालकाच्या एजंटने एका एसी दुरुस्तीच्या कंपनीला दिलं होतं. तिथे तिघं राहायचे, दोन मल्याळी आणि हा एक परभणीकडचा. त्यांच्या दाराबाहेर सेफ्टी बूट असायचे, पहाटे कंपनीची बस त्यांना घेऊन जायची. त्यांना घालवायला बायका दोन वर्षांपासून टपलेल्या. का, तर बूट दिसतात. लिफ्टमध्ये ते आत आले की सगळ्या जणी मोबाइलमध्ये डोकं घालायच्या. तो मराठी आहे हे मला माहीत होतं. एकदा लिफ्ट बंद असताना त्याने माझा गॅस सिलिंडर चार मजले वर आणून दिला होता. "ताई, ऱ्हाऊ द्या, मी नेतो," म्हणाला होता. तरीही गणपतीच्या प्रसादाला त्याला बोलवावं असं मला कधी सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. बोलवलं नाही.

त्या संध्याकाळी चौदा मुलं आणि आम्ही चौघी सहाव्या मजल्यावरून निघालो. माझी सात वर्षांची लेक मांजर झाली होती. अंगाला घट्ट बसणारा काळा सूट, मी शिवलेली शेपटी. सहाव्यावर चौदा, पाचव्यावर चौदा, चौथ्यावर चौदा. मी मोठ्याने मोजत होते, मुलंही माझ्याबरोबर ओरडत होती, आणि मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

तिसऱ्या मजल्यावर एकीने दिवाणखाना नवा केला होता. वहिनी म्हणाल्या, इथे आपल्या चौघींचा एक फोटो हवाच. एरवी मला फोटोत कुणी बोलवत नसे. मी तिथल्या आरशात केस नीट केले. फोटो एकदा काढला, एकीचे डोळे मिटले म्हणून पुन्हा काढला. मुलं पुढे पळाली. दुसऱ्या मजल्यावर मी त्यांना गाठलं आणि मोजली, तर तेरा. पुन्हा मोजली. तेराच. माझी नव्हती.

त्या जिन्यात मला पायऱ्या दिसेनात. मी कठडा धरून उतरले.

पहिल्या मजल्यावर त्या बॅचलरच्या दाराशी स्टीलच्या स्टुलावर खराखुरा लाल भोपळा होता. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून आणून, आतून कोरून, डोळे-नाक-दात काढून त्यात टॉर्च ठेवलेला. आमच्या कार्डशीटच्या अकरांपेक्षा शंभर पटीने देखणा. शेजारी ताटलीत चॉकलेटं. दार सताड उघडं, मिटू नये म्हणून खाली चप्पल अडकवलेली. आणि तिघंही पुरुष बाहेर, समोरच्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभे. परभणीकडच्या त्या माणसाच्या हातात फोन होता.

"लेकरू आत हाय, ताई," तो लगेच म्हणाला. "लघवी लागली म्हनलं, कळ निघंना. म्हनून जा म्हनलो. आमी समदे भायेर आलाव."

फोनच्या पडद्यावर एक मुलगी होती, माझ्या लेकीएवढीच. तेल लावलेले केस, दोन वेण्या. ती तिकडून विचारत होती, "पप्पा, मांजर कुठं गेली?"

मी आत धावले. लेक बेसिनशी टाचा उंचावून हात धूत होती. शेपटी काढून तिने गळ्यात टाकली होती. "मम्मा, देअर वॉज अ पम्पकिन," ती म्हणाली. म्हणजे तिने माझा नियम तंतोतंत पाळला होता. मी तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर आणलं. तोवर बाकीच्या बायका उतरल्या होत्या, आणि त्यांना दिसलं ते एवढंच: बॅचलरच्या घरातून ओढून बाहेर काढलेली मुलगी, सुटलेली शेपटी, तीन पुरुष आणि एक फोन.

"फोनवर काय काढत होतास रे?" वहिनींनी विचारलं. त्याने फोन पुढे केला, पण तोवर कॉल बंद झाला होता. "पोरीला दाखवत होतो मॅडम, माझ्या पोरीला," तो म्हणाला. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं होतं.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी हळू. "पण मोजायचं तुझ्याकडे होतं ना गं?"

त्या एका प्रश्नाची मला जी भीती वाटली, ती लेक सापडत नव्हती तेव्हाही वाटली नव्हती. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण खरं आहे. मी म्हटलं, "त्याने तिला आत घेतलं." बस. खोटं त्यात काही नव्हतं. आणि त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे फिरली.

घरी आल्यावर मी लेकीला समोर बसवून विचारलं. मुलांना कसं विचारायचं ते मला येतं, ते माझं काम आहे. उत्तर आपण पुरवायचं नाही, घाई करायची नाही, तेच वेगळ्या तऱ्हेने दोनदा विचारायचं. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. अंकलने आधी विचारलं, आई कुठंय. ती म्हणाली, वर. तो म्हणाला, जा, बोलवून आण. ती म्हणाली, नाही थांबता येत. मग तो आतल्या दोघांना घेऊन बाहेर गेला आणि दारात चप्पल अडकवली. तिला हात कुणी लावला नव्हता. माझ्या मनात तिळाएवढी शंका उरली नाही. आपल्याकडे जग कसं पाहतं हे त्या माणसाला पुरतं ठाऊक होतं, म्हणून त्याने स्वतःच्याच घराबाहेर जाऊन पाठ भिंतीला लावली होती. माझ्या सगळ्या नियमांत असला एकही नियम नव्हता.

हे सगळं कळल्यानंतर, दुसऱ्या दिवशी, मी सही केली.

वहिनींच्या यजमानांनी एजंटला द्यायचं पत्र लिहिलं होतं. मुलीची आई म्हणून पहिली सही माझी. मी ते तीनदा वाचलं. मुलीला घरात घेण्यात आलं. घरात तीन पुरुष राहतात. एकाच्या हातात फोन चालू होता. एकही वाक्य खोटं नाही. उघड्या दाराचं नाव नाही, दोन वेण्यांचं नाव नाही. नवरा तेव्हा खैरानच्याही पलीकडे साइटवर होता, दोन दोन आठवडे घरी नसायचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "तिला काही झालं नाही ना? मग करून टाक सही. बायकांत वाद नको." त्याला मी अर्धंच सांगितलं होतं. कोणतं अर्धं ते सांगायला नको. पत्र गेलं आणि तिसऱ्या मजल्यावरची हसत म्हणाली, "चला, सुंठीवाचून खोकला गेला." मीसुद्धा हसले.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी हॉस्पिटलच्या बससाठी खाली उभी होते. तो आला आणि चार हात लांब थांबला. कामाचा निळा डगला अंगात, दाढी वाढलेली.

"ताई, एजंटनं कंपनीला फोन केला," तो म्हणाला. "कंपनी म्हनती लेकराची भानगड हाय, आमाला नको. त्या दोघायला दुसरीकडं हलविलं. मला घरी लावून देतेत. मी तिथं काय सांगू, ताई? कशापाई वापस आला म्हनून गावात इचारतील. पोरीच्या शाळंत इचारतील." त्याने डगल्याच्या खिशात हात घातला. "तुमी त्यायला येकडाव सांगा. दार उघडं व्हतं. येवढंच. दुसरं कायबी नका सांगू."

त्याने एक कागद पुढे केला. त्यावर त्याच्या मॅनेजरचा नंबर होता. मी घेतला.

"बघते," मी म्हटलं.

आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी तो म्हणाला, "लई उपकार व्हतील, ताई," आणि माझी बस येईपर्यंत तिथेच उभा राहिला. बस निघाली तेव्हा त्याने हात जोडले. मी खिडकीतून दुसरीकडे पाहिलं.

तो कागद माझ्या पर्समध्ये बारा दिवस होता. पहिल्या दिवशी ड्यूटी जड होती. दुसऱ्या दिवशी वाटलं, उद्या सुट्टी, निवांत बोलू. मग वाटलं, आपण परक्या देशात, जबाब द्यावा लागला तर? हॉस्पिटलपर्यंत गोष्ट गेली तर? माझ्या इकाम्याला काही झालं तर? इथे राहायचा तो परवाना गेला की आम्हीही गेलोच. ही सगळी कारणं मी रांगेने उभी केली आणि त्यांच्या मागे लपले. खरं कारण एकच होतं. दार उघडं होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग सही का केलीस? त्याच्या पुढचा, मुलगी तिथपर्यंत पोचली तेव्हा तू कुठे होतीस? आणि त्याचं उत्तर वहिनींच्या फोनमध्ये होतं. चौघी हसताहेत, माझे केस व्यवस्थित. ग्रुपवर त्याला सतरा हृदयं आली होती.

एका माणसाची भाकरी एका वाक्यावर अडली होती. ते वाक्य सगळ्या जगात माझ्या एकटीकडे होतं, आणि मी ते माझ्या अब्रूवर पांघरूण घालायला वापरलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्या बाईला दारात उभं केलं नसतं.

तेराव्या दिवशी इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, जिना पुसत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, पहिल्या मजल्यावरचे गेले का? बांगलादेशी माणूस, सगळ्यांशी हिंदीत बोलतो. "गया, मॅडम. कंपनी भेज दिया. खलास." मग फडकं पिळता पिळता म्हणाला, "अच्छा आदमी था. मेरा एसी फोकट में ठीक किया." मी वर आले आणि कागद फाडून टाकला. रडले बिडले नाही. कुकर लावला.

त्या घरात आता नाशिकचं एक कुटुंब आलंय. तो रिफायनरीत, ती घरी, एक मुलगी सहा वर्षांची. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव हळदीकुंकवाच्या यादीत घातलं. माझंही वजन वाढलंय. फोटोत मला आता मध्ये उभं करतात. या वर्षी हॅलोविनचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. "तू किती सावध असतेस," वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मागच्या वर्षी तू होतीस म्हणून वेळेवर कळलं." मी नको नको म्हटलं, बायकांना तो विनय वाटला.

परवा शुक्रवारी दुपारी मुलं आमच्या घरी भोपळे कापायला बसली होती. या वर्षी बारा. मी बाजूला बसून टोकं गोल करून देत होते. नवी मुलगी माझ्या लेकीला विचारत होती, भोपळा नसलेल्या दाराची बेल वाजवली तर काय होतं?

लेक आता आठ वर्षांची आहे. तिने मान वर न करता, अगदी सरावाने सांगितलं, "देअर वॉज अ बॅड अंकल इन युअर हाऊस. ही टुक मी इनसाइड अँड लॉक्ड द डोअर. मम्माने सोडवलं मला."

नवी मुलगी कापायची थांबली. तिचे डोळे मोठे झाले. आता रात्री आपल्याच घरातल्या बाथरूमला जायला ही भ्यायची, असं माझ्या मनात आलं. पण त्याहून मोठी धडकी दुसरीच होती. माझी लेक खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवत होतं. वर्षभर बायका तिच्यासमोर जे बोलल्या आणि मी जे खोडलं नाही, तेच तिच्या डोक्यात घडून बसलं होतं. मी तिला दोन तऱ्हांनी विचारून मिळवलेलं खरं आता तिच्याकडेही उरलं नव्हतं.

"नाही गं, बाळा," मी म्हटलं. वर्षभरात पहिल्यांदा माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं. "दार उघडं होतं. त्या काकांनी दारात चप्पल अडकवली होती. ते सगळे बाहेर उभे होते."

लेकीने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोठ्या माणसाची चूक समजावून सांगताना मुलं पाहतात तसं.

"हाऊ डू यू नो?" ती म्हणाली. "यू वेअरन्ट देअर, मम्मा."